कोनशिलेवर आमदारांचे नाव: मंडळीने शासनाच्या किती जवळ जावे?

खानापूरकर
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहाच्या दुरुस्तीसाठी अल्पसंख्याक कल्याण खात्याकडे अनुदानाचा अर्ज केला आहे. मंजुरी यायची आहे, पण कमिटीने कोनशिलेचा मसुदा आधीच करून घेतला. त्यात आमदारांचे नाव वर ठसठशीत अक्षरांत आहे आणि शास्त्रवचन तळाशी, चष्मा लावूनही नीट वाचता येऊ नये इतक्या बारीक टाइपात. नाताळच्या उपासनेत त्यांना व्यासपीठावरून बोलू द्यावे, असाही प्रस्ताव आहे. मी हरकत घेतली तेव्हा मला बायबलमधील रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय ऐकवण्यात आला: सत्ताधारी देवाने नेमलेले आहेत, म्हणून त्यांच्या अधीन राहा. अशा सलगीवर ख्रिस्ती परंपरेतूनच टीका झाली आहे काय?

निपाणीचा वाचक
झाली आहे, आणि तीही चांगलीच कडक शब्दांत. बायबलमधील आमोसाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात बेथेलचा याजक अमस्या आमोस संदेष्ट्याला तेथे बोलण्यास मनाई करतो, आणि कारण देतो ते असे की हे राजाचे पवित्रस्थान आहे. त्याला देवाचे नाव आठवत नाही, हे लक्षात घ्या. अलीकडच्या काळात डेन्मार्कमध्ये तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड याने 1854-55 मध्ये राजाश्रित मंडळीवर हल्ला चढवला. पगारी धर्माधिकाऱ्यांनी ख्रिस्ताचे शिष्यत्व ही एक सुखाची नोकरी करून टाकली आहे, हा त्याचा रोख होता. पुढे जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ गट हिटलरच्या पाठीशी उभा राहिला, तेव्हा मे 1934 मध्ये बार्मेन येथे त्याला विरोध करणाऱ्या मंडळ्यांचा जाहीरनामा निघाला. त्याचा मसुदा मुख्यतः ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक कार्ल बार्थ यांचा. न्याय व शांतता राखणे हे शासनाचे देवनियुक्त काम आहे हे त्याचे पाचवे कलम मान्य करते, मात्र मंडळीने शासनाचे अंग बनणे ते स्पष्टपणे नाकारते. तेव्हा रोमकरांस पत्र बाजूला ठेवूनच टीका करता येते, असे नाही. या जाहीरनाम्याची उणीवही सांगायला हवी: त्यात ज्यूंच्या छळाविषयी एक शब्दही नाही.

कॅम्पकर
एवढे लांब जर्मनीला कशाला जायचे? इंग्रज अमदानीत छावणीतील गोऱ्या सैनिकांसाठी नेमलेल्या पाद्र्यांचा पगार सरकारी तिजोरीतून होत असे, तर आपल्याकडील लंडन मिशन या मिशनरी संस्थेचे काम वर्गणीवर चाले. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे आणि त्यांचा बाप्तिस्माही 1854 मध्ये येथेच झाला, पण त्याआधी मुंबईत ते ज्या फ्री चर्चच्या शाळेत शिकले, ते चर्चच मुळी या वादातून जन्मले होते. जमीनदाराने पाळक नेमायचा आणि न्यायालयाने तो मंडळीच्या माथी मारायचा, हे असह्य होऊन स्कॉटलंडमध्ये 1843 साली साडेचारशेहून अधिक पाळक राहते घर व वेतन सोडून बाहेर पडले. मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी त्या पाळकांची बाजू घेतली आणि आपल्या शिक्षणसंस्थेच्या इमारतीवर पाणी सोडले. आपले कॅथलिक बांधवही पोर्तुगीज राजाने बिशप सुचवण्याची पद्धत विसरले नसतील. बेळगावचा धर्मप्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यापासून वेगळा झाला तो 1953 मध्ये.

घाटप्रभेकाठचा
इतिहास मान्य आहे, परंतु तुलना मला पटत नाही. ती राजाश्रयाने माजलेली मंडळी होती. आम्ही गावात मोजकी घरे आहोत. दफनभूमीच्या जागेसाठी तहसीलदारांकडे खेटे घालावे लागतात, बाहेर प्रार्थनासभा घ्यायची तर पोलिसांची परवानगी लागते, आणि वेळप्रसंगी आमदारांचा एक फोन उपयोगी पडतो. पदराला खार न लावता तत्त्व सांगणे सोपे असते.

निपाणीचा वाचक
आपली अडचण खरी आहे आणि तिला मी भित्रेपणा म्हणणार नाही. मात्र दफनभूमीची जागा मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. पौलानेही रोमन नागरिकत्व पुढे करून कैसराकडे दाद मागितली होती. अनुदानही नियमाने मिळत असेल तर ते घ्यावे, पावती द्यावी, हिशेब मंडळीपुढे ठेवावा. त्याची परतफेड व्यासपीठाने करायची असे ठरले की उद्या त्याच आमदारांच्या एखाद्या निर्णयाने शेजारच्या वस्तीतील लोक बेघर झाले, तर पाळकसाहेब त्या रविवारी काय बोलतील? माझ्या मते त्यांना नाताळच्या चहापानाला आदराने बोलवावे आणि भाषण तेथेच व्हावे. उपासनेत त्यांच्यासाठी, तसेच त्यांच्या विरोधकांसाठीही प्रार्थना करावी, कारण तीमथ्याला लिहिताना पौलाने सर्वच अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे.