सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या मित्रासह हॉटेलातले एकत्र जेवण कसे ठरवावे?

प्रश्न – विश्रामबाग, सांगली

आम्ही सहा जण शाळेपासूनचे मित्र-मैत्रिणी आहोत. दोघे पुण्यात नोकरीला आहेत, एक मैत्रीण दिवाळीला मुंबईहून माहेरी येते आणि उरलेले आम्ही तिघे सांगलीतच आहोत. दिवाळीची गडबड ओसरली की पहिल्या रविवारी एखाद्या हॉटेलात सर्वांनी मिळून जेवायचे, हा आमचा अनेक वर्षांचा रिवाज आहे.

आमच्यातला एक मित्र दिगंबर जैन आहे. वडील गेल्यानंतर त्याने रात्रीचे जेवण सोडले, आणि हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तरीही गेल्या वर्षी आम्ही नेहमीप्रमाणे रात्री साडेआठची वेळ ठरवली. तो घरी जेवून आला, दोन तास आमच्यासोबत बसला, पाण्याचा घोटही घेतला नाही. टेबलावर दोन मटण थाळ्या होत्या, बाकीच्यांसाठी पनीर, अख्खा मसूर, रोट्या, जिरा राईस असे बरेच काही होते. बिल 2,520 रुपये झाले. आमच्यात नेहमी समान काँट्री असते, म्हणून सहाने भागून प्रत्येकी 420 रुपये काढले गेले. त्यानेही निमूटपणे 420 रुपये दिले आणि आम्ही ते घेतले. घरी परतताना आयर्विन पुलावर मला हे एकदम लक्षात आले आणि त्या रात्री नीट झोप लागली नाही.

या वर्षी तारीख कळवल्यावर त्याचे उत्तर आले, ‘तुम्ही जा, मला काम आहे.’ रविवारी त्याला कसले काम, हे मला माहीत नाही. तो खरोखर आमच्यासोबत जेवू शकेल अशा रीतीने वेळ, हॉटेल, पदार्थ आणि बिल कसे ठरवावे, याचे अनुभवी वाचकांनी मार्गदर्शन करावे. आमच्यातल्या एका मित्राला मधुमेह आहे आणि दोघांना मटणाशिवाय हे जेवण अपुरे वाटते, हेही सांगून ठेवतो.

उत्तर – मिरज

मी स्वतः जैन आहे आणि तुमच्या मित्राच्या जागी कित्येकदा बसलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी वेळ पाहा. दिवाळीनंतरच्या दिवसांत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्याग काटेकोरपणे पाळणारे सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे 48 मिनिटे आधी, जेवण आटोपतात. काही जण सूर्य मावळेपर्यंत जेवतात. तुमचा मित्र यांपैकी काय पाळतो हे त्यालाच विचारा. विचारल्याने आम्हाला वाईट वाटत नाही. उलट, कोणी विचारले नाही म्हणजे आपण आलो काय आणि न आलो काय, सारखेच, असे मनात येते. दोन घटका पाळत असेल तर पाच वाजून दहा मिनिटांच्या आत ताट रिकामे व्हायला हवे, म्हणजे चारला बसावे लागेल.

दुसरी गोष्ट हॉटेलची. आमच्यातील बरेच जण मांसाहार शिजतो त्या स्वयंपाकघरातले खात नाहीत. पातेली आणि चमचे वेगळे असले तरी मनाला ते पटत नाही. त्यामुळे पूर्ण शाकाहारी हॉटेल निवडलेले चांगले.

तिसरी गोष्ट पदार्थांची. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओले आले हे वर्ज्य असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. वाळवलेली हळद आणि सुंठ मात्र बहुतेकांना चालते. वांगे बहुबीज, म्हणजे पुष्कळ बियांचे, म्हणून अनेक जण खात नाहीत, आणि नेमके तेच कोणाच्या लक्षात येत नाही. मला मित्रांनी मोठ्या प्रेमाने एकदा कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी मागवली होती, कांदा-लसूण काढून, खास माझ्यासाठी. ती मला खाता आली नाही आणि मागवणाऱ्याचा चेहरा पाहून माझ्याच पोटात कालवले. कच्चे दही आणि द्विदल धान्य, म्हणजे डाळी-कडधान्ये, आम्ही एकत्र घेत नाही. त्यामुळे बुंदी रायता टाळा, कारण बुंदी बेसनाची असते.

एक विनंती आहे. त्याच्यासाठी एक ‘जैन डिश’ कोपऱ्यात ठेवून बाकीचे टेबल तुमच्या पदार्थांनी भरू नका. त्या वाटीतले सगळे त्यालाच संपवावे लागते आणि बाकीच्यांच्या वाट्यांकडे नुसते बघावे लागते. टेबलावरचा प्रत्येक पदार्थ त्याला वाढता येईल असाच मागवा. सहा जणांनी एका पातेल्यातले खाल्ले, तर त्याला एकत्र जेवल्यासारखे वाटेल.

उत्तर – सांगली-मिरज रस्ता

मी बारा वर्षे शाकाहारी हॉटेल चालवले आहे. वरील उत्तर योग्य आहे, परंतु चार वाजता जेवायला बसायचे असेल तर स्वयंपाकघराचे वेळापत्रक समजून घेतले पाहिजे.

दुपारचे जेवण साधारण साडेतीनला संपते. त्यानंतर वस्ताद, म्हणजे मुख्य स्वयंपाकी, आणि पोरे जेवून आडवी होतात आणि संध्याकाळची तयारी पाचनंतर सुरू होते. कोळशाची तंदूर भट्टी पेटवल्यावर रोटी लावण्याजोगी तापायला तास-दीड तास लागतो. म्हणून न सांगता चारला गेलात, तर वेटर चहा आणि भजी देईल आणि रोटीसाठी सातला या म्हणेल. दोन दिवस आधी फोन करून, शक्य असल्यास प्रत्यक्ष जाऊन, मालकाशी बोला. सहा जणांची आगाऊ मागणी असेल आणि ती रिकाम्या वेळेत असेल, तर बहुतेक मालक आनंदाने ‘हो’ म्हणतात. भट्टी लवकर पेटवायला सांगू नका. तव्यावरच्या चपात्या किंवा ज्वारीची भाकरी मागा. तुमच्या मधुमेही मित्रालाही मैद्याच्या नानापेक्षा भाकरी बरी. त्याची गोळी किंवा इन्शुलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळेशी बांधलेले असणार, तेव्हा जेवण चारला सरकवण्यापूर्वी त्याने डॉक्टरांना जरूर विचारावे.

आता पदार्थांकडे वळतो. बहुतेक हॉटेलांत भाजीगणिक वेगळा मसाला होत नसतो. सकाळी तीन मोठी पातेली तयार होतात: टोमॅटो-काजूची लाल ग्रेव्ही, काजू, मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि उकडलेल्या कांद्याची पांढरी ग्रेव्ही आणि परतलेल्या कांद्याची पिवळी ग्रेव्ही. मेनूवरच्या पन्नास-साठ भाज्या बहुतांशी याच तीन पातेल्यांतून निघतात. त्यामुळे पनीर बटर मसाला, पनीर मखनी आणि व्हेज मखनवाला असे तिन्ही मागवले, तर नावे तीन आणि चव एक, असे होते, आणि लोक उगाच वस्तादाला दोष देतात. एका टेबलासाठी एक लाल भाजी, एक सुकी भाजी आणि एक डाळ, असा मेळ बसवावा.

जैन पद्धतीचे हवे असेल तर हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण तिन्हींपैकी दोन ग्रेव्हींत कांदा असतो आणि आले-लसणाची पेस्ट तर जवळजवळ सगळीकडे असते. ऐन वेळी ‘कांदा-लसूण नको’ असे वेटरला सांगितल्यास तो फार तर वरून कांदा घालणार नाही; पातेल्यातला कांदा काही निघत नाही. आधी कळवले तर टोमॅटो, काजू आणि मगज यांची ग्रेव्ही वेगळ्या कढईत करता येते. ‘जैन’ हा शब्द स्पष्ट उच्चारा, सांगली-मिरजेतल्या वस्तादांना तो नीट कळतो. कोफ्त्यात बटाटा आणि मिक्स व्हेजमध्ये गाजर असते, ते मागवू नका. पनीर, ढोबळी मिरची, मटार, काजू करी, भेंडी, जिरे-हिंग-मिरचीची फोडणी दिलेली तूरडाळ आणि जिरा राईस एवढ्यात सहा जणांचे जेवण उत्तम होते. एक ग्रेव्हीची भाजी दोघा-तिघांना पुरते. सुरुवातीला तीन भाज्या, एक डाळ आणि एक भात सांगा, नंतर वाढवा. पोळ्या किंवा रोट्या तर कधीही एकदम मागवू नयेत. टेबलावर पाच मिनिटे पडलेली रोटी वातड होते आणि मग ती उरते.

रविवारी चार वाजता हॉटेल रिकामे असते. रात्री आठनंतर दारात थांबलेली माणसे पाहून आम्हाला तुमच्या टेबलावर बिल लवकर ठेवावे लागते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. दुपारी तुम्हाला कोणी उठवणार नाही.

उत्तर – सातारा

मी थोडे वेगळे मत मांडते. आपल्या भागात पाहुणचार म्हटला की मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा डोळ्यांसमोर येतो, आणि तुमच्या त्या दोन मित्रांसाठी ते वर्षभराचे आकर्षण असणार. त्यांना ऐन वेळी हॉटेलात कळले की आज सगळे जैन आहे, तर ते बोलणार नाहीत, पण मनातून हिरमुसतील. आणि मग पुढच्या वर्षी ‘मला काम आहे’ असा निरोप त्यांच्याकडून येईल. त्यांना आधी सांगा आणि कारणासह सांगा. आमच्या साताऱ्याच्या गटात आम्ही असाच प्रश्न दोन बैठकींनी सोडवला. एका संध्याकाळी सर्वांचे जेवण, आणि ज्यांना मटण हवे त्यांचे दुसऱ्या दिवशी दुपारी एकाच्या घरी. मटण खरे तर घरीच चांगले होते, असे माझे ठाम मत आहे.

अख्खा मसुराविषयीही लिहिते, कारण तुमच्या यादीत तो होता. कराड-इस्लामपूर पट्ट्यातला हा पदार्थ आम्हा सातारकरांनाही जवळचा आहे, पण त्याची सगळी लज्जत कांदा, लसूण आणि सुक्या खोबऱ्याच्या वाटणात असते, आणि सोबत दह्याची वाटी येते. कांदा-लसूण त्या मित्राच्या नियमांत बसत नाही आणि मसुरासोबत दहीही त्याला चालणार नाही. तो दुसऱ्या बैठकीला ठेवा. लसणाविना केलेला अख्खा मसूर कोणालाच आवडणार नाही.

उत्तर – माधवनगर

मी हिशेबनीस आहे, म्हणून केवळ बिलाबद्दल लिहितो. गेल्या वर्षीचे बिल 2,520 रुपये म्हणजे 2,400 रुपयांचे जेवण आणि 5 टक्के दराने 120 रुपये जीएसटी, असे दिसते. दोन मटण थाळ्या प्रत्येकी 450 धरल्या, तर त्यांचे 900 आणि सामाईक पदार्थांचे 1,500 रुपये होतात. सामाईक पदार्थ पाच जणांनी खाल्ले असतील, तर प्रत्येकी 300 आणि करासह 315 रुपये. थाळी घेणाऱ्या दोघांचे करासह 787 रुपये 50 पैसे होतात. तुमच्या जैन मित्राचे शून्य. म्हणजे त्याच्याकडून घेतलेले 420 रुपये थाळी घेणाऱ्यांच्या वाट्यातून वजा झाले. हे मुद्दाम कोणी केलेले नाही, परंतु समान काँट्रीचा परिणाम असाच असतो.

म्हणून सगळे एकाच पातेल्यातले खाणार असाल तरच समान वाटणी ठेवा. कोणी स्वतंत्र पदार्थ मागवला तर तो त्याच्या नावावर लिहा. कॉलेजातल्या टीटीएमएमसारखे (तू तुझे, मी माझे) प्रत्येकाचे वेगळे बिल मागू नका, त्याने जेवणाची मजा जाते. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले आढळले तर ते काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला ते सक्तीने लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. वेटरला बक्षिसी द्यायची असेल तर ती त्याच्या हातात द्या. भर दुपारी झोपमोड करून तो तुमच्यासाठी उभा राहणार आहे.

प्रश्नकर्ता – विश्रामबाग, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मिरजेच्या वाचकांचे उत्तर वाचून मी मित्राला फोन न करता थेट त्याच्या घरी गेलो. गेल्या वर्षीच्या 420 रुपयांचा विषय मी काढला तेव्हा तो म्हणाला, ‘पैशांचे सोड. समोर पाने वाढली जात असताना तू मला तीनदा विचारलेस, काहीच घेणार नाहीस का? आणि तुला कारण माहीत होते.’ मला यावर काही बोलता आले नाही. थोड्या वेळाने त्याच्या आईने आम्हा दोघांना भडंग आणून दिले आणि आम्ही पुढचे ठरवायला बसलो.

तो दोन घटका पाळत नाही, सूर्यास्तापर्यंत जेवतो. त्यामुळे रविवारी साडेचारची वेळ ठरली आहे. शाकाहारी हॉटेलच्या मालकांशी मी समक्ष बोललो; त्यांनी वेगळी ग्रेव्ही, चपात्या आणि भाकऱ्या कबूल केल्या आणि शंभर रुपये आगाऊ घेतले. मधुमेही मित्र डॉक्टरांशी बोलून वेळेला तयार झाला आहे. मटणप्रेमी दोघांना मी साताऱ्याच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे आधीच सांगितले. एकाने लगेच होकार दिला, दुसरा थोडा कुरकुरला, पण सोमवारी दुपारी स्वतःच्या घरी मटण करण्याचे त्यानेच अंगावर घेतले आहे. अख्खा मसूरही तिथेच होईल.

जैन मित्राने एकच अट घातली आहे. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सगळे पदार्थ टेबलावर यावेत आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्याचे शेवटचे पाणी पिऊन व्हावे. त्यानंतर आम्ही हवे तितका वेळ बसावे, तोही बसणार आहे.