कुडी चीन, थोनबुरी: एका वस्तीतल्या पायी फेरीचे अनुभव

धागा सुरू करताना

बँकॉकला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी राजवाडा आणि वाट अरुण हे बौद्ध मंदिर पाहून थेट पट्टायाच्या गाडीत बसतात. त्याच वाट अरुणच्या काठाने, चाओ फ्राया नदीच्या थोडे खालच्या अंगाला, कुडी चीन नावाची जुनी वस्ती आहे. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केल्यावर राजा ताकसिनने थोनबुरीला राजधानी केली आणि १७८२ पर्यंत ती तिथेच राहिली. त्या काळात होक्क्येन चिनी, अयुथ्येहून आलेले मुसलमान आणि पोर्तुगीज वंशाचे कॅथलिक या काठावर शेजारी शेजारी वसले. कॅथलिकांना तर १७६९ मध्ये खुद्द राजानेच जागा दिली. ज्यांनी ही वस्ती पायी पाहिली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. नुसते ‘छान आहे’ नको. काय पाहिले, काय खाल्ले आणि काय खटकले, तेही येऊ द्या.

मडगावहून

आम्ही पाक खलोंग तलाटच्या फुलबाजाराजवळून होडीने पलीकडे गेलो. उतरल्यावर समोर येते ते सांताक्रूझ चर्च. आजची इमारत १९१६ मधली आणि इटालियन वास्तुकारांची आहे, त्यामुळे गोव्यातल्या चर्चची सवय असलेल्या डोळ्यांना तिचा घुमट परकाच वाटतो. मात्र मागच्या बोळात शिरले, दारांवर मांडलेल्या सायबिणीच्या (मेरीमातेच्या) लहान मूर्ती पाहिल्या आणि पार आपल्याच एखाद्या वाड्यावर आल्यासारखे झाले.

मी घरी बेबिंका (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) करते, म्हणून चर्चपेक्षा खनोम फरांगच्या भट्टीसमोर जास्त वेळ उभी राहिले. ज्या मोजक्या घरांनी हा केक अजून टिकवला आहे, त्यांतले ते एक होते. बदकाची अंडी आणि साखर इतकी फेसतात की मिश्रण फिकट आणि घट्ट होते. मग त्यात फक्त मैदा मिसळतात; लोणी नाही, खमीर नाही, सोडाही नाही, म्हणजे फुगण्याचे सगळे काम त्या फेसण्यावरच. मिश्रण लहान साच्यांत ओतून भट्टीत ठेवतात आणि खालून तसेच वरूनही निखाऱ्यांची धग देतात. भट्टीवरची बाई चिमट्याने झाकणावरचे निखारे एकसारखे इकडून तिकडे सारत होती. जिथे रंग लवकर चढला तिथली धग कमी, जिथे फिका राहिला तिथे दोन निखारे जास्त. तापमान दाखवणारे काहीही जवळ नव्हते. आमच्या आजीच्या हाताखाली बेबिंक्याचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजला जाई, तेव्हाचे कसब नेमके हेच होते.

केकवर मात्र बेदाण्यांबरोबर साखरेत मुरवलेला कोहळा आणि सुकवलेले पर्सिमन नावाचे फळ असते, आणि हे उघडच चिनी शेजाऱ्यांकडून आलेले आहे. वरचे कवच कुरकुरीत, आत कोरडा स्पंज. चहाशिवाय घशाखाली उतरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

गोव्याचा आणखी एक धागा इथे जोडता येतो. फोय थोंग, म्हणजे पाकात सोडलेल्या अंड्याच्या पिवळ्या तारा, आणि तिच्या जातकुळीतली इतर पक्वान्ने सतराव्या शतकात अयुथ्येच्या राजवाड्यात रूढ करण्याचे श्रेय थाई परंपरा मारिया ग्युओमार दि पिन्या या बाईंना देते. त्यांची आई जपानी होती आणि वडिलांचे घराणे गोव्याकडचे असल्याचे सांगितले जाते.

पुण्याहून, निवृत्त स्थापत्य अभियंता

माझी फेरी उलट बाजूने झाली. फ्रा पोक क्लाओ पुलाच्या मधोमध एका रेल्वे प्रकल्पासाठी बांधलेला सांगाडा कित्येक वर्षे नुसता पडून होता. त्यावर २०२० मध्ये पादचाऱ्यांसाठी उद्यान केले गेले. त्यावरून चालत नदी ओलांडली की वाट प्रयूनचा पांढरा चेदी (स्तूप) समोर येतो. १८२८ साली स्थापन झालेल्या या विहाराच्या जीर्णोद्धाराला २०१३ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चेदीच्या पोटात शिरता येते, आणि आतला मध्यवर्ती खांब पाहिल्यावर एवढा भार कसा तोलला गेला असेल याचा अंदाज येतो. बाहेरच्या तळ्यात कासवे आहेत. काडीला टोचलेले पपईचे तुकडे विकत घेऊन त्यांना भरवतात. माझी नातवंडे तिथून हलायला तयार नव्हती, म्हणून वेळेचे गणित मांडताना हा थांबा सढळ हाताने धरावा.

बँकॉकला राहणारी वाचक

वरच्या दोघांनी मशिदीकडचा भाग सोडलेला दिसतो, म्हणून तेवढेच लिहिते. माझ्या मते या फेरीतली सर्वांत विचार करायला लावणारी वास्तू म्हणजे बांग लुआंग मशीद. घुमट आणि मिनार शोधत गेलात तर तिच्या दारावरून पुढे निघून जाल, कारण बाहेरून ती थेट थाई विहारासारखी दिसते: पांढऱ्या भिंती, हिरवे उतरते छप्पर आणि दर्शनी त्रिकोणी भागावर चुन्याच्या गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी. त्या वेलबुट्टीत थाई, चिनी आणि युरोपीय अशा तिन्ही धाटणी एकत्र आहेत. खांब तीस आहेत आणि ते कुराणाच्या तीस भागांसाठी आहेत, असे तिथले लोक सांगतात. पहिला राम या थाई राजाच्या काळात एका मुसलमान व्यापाऱ्याने ती बांधली. अयुथ्येहून आलेल्या त्यांच्यासारख्यांची घरे आधी कालव्यातल्या तराफ्यांवर होती, जमिनीवर ते नंतर आले. कालव्याच्या पलीकडे तोनसोन मशीद आहे, ती याहूनही जुनी.

फलकांवर आणि माहितीपत्रकांवर ‘तीन धर्म, चार श्रद्धा’ हे वाक्य जागोजागी भेटते. मला ते जरा गुळगुळीत वाटते, कारण त्यामुळे सगळे कायम गुण्यागोविंदाने नांदत आले असा समज होतो. खरे तर कॅथलिकांचेही आपापसांत पटले नव्हते. फ्रेंच मिशनऱ्यांच्या हाताखाली राहणे मान्य नसलेला एक गट इथून निघून नदीपलीकडे गेला आणि तिथे त्याचे वेगळे चर्च झाले. मशिदीच्या कारागिरांनी मात्र कोणाचेही घोषवाक्य न वाचता शेजारच्या देवळाचे छप्पर उचलले, आणि मला ते जास्त पटते.

नाशिकहून

आम्ही शाकाहारी आहोत आणि अंडेही खात नाही, त्यामुळे ज्या केकसाठी लोक जातात तो आम्हाला चालला नाही. इथली पोर्तुगीज म्हणवली जाणारी तांदळाच्या शेवयांची थाळीही नारळाच्या दुधातल्या कोंबडीच्या रश्श्याबरोबरच येते. आम्ही फुलबाजारातून फळे घेऊन गेलो होतो. कियान उन केंग या चिनी देवळात क्वान यिन देवीसमोर आमच्या आईंनी उदबत्ती लावली, आणि तिथल्या आजीबाईंनी ती कुठे खोचायची हे हाताला धरून दाखवले. आईंना थाई येत नाही, त्या बाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी बराच वेळ दोघी एकमेकींशी बोलत होत्या.

शेजारच्या वाट कल्याणमितमधली प्रचंड बुद्धमूर्तीही आवर्जून पाहावी. चिनी भाविक तिला साम पो कोंग म्हणून पुजतात.

बँकॉकला राहणारी वाचक

नाशिकच्या काकूंना नमस्कार. पुन्हा याल तेव्हा नवरात्राच्या सुमारास या. थायलंडमधल्या चिनी लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव साधारण त्याच दिवसांत येतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या गाडीवर मांस, अंडी, दूध यांतले काहीही नसते, कांदा-लसूणही नसतो. मशिदीच्या वाटेवर मात्र गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे हवेत, आणि शुक्रवारची दुपार टाळावी. इसरफाप मेट्रो स्थानकापासून चालत आलात तर मशीद आधी लागते, म्हणून मी पाहुण्यांना नेहमी त्याच बाजूने आणते. केक शेवटी मिळतो आणि परतीच्या होडीत खाता येतो.