मलिंगाचा यॉर्कर मॅकग्राच्या खांद्यावर बसत नाही

आदर्श वेगवान गोलंदाज घडवायचा तर मॅकग्राचा टप्पा, मलिंगाचा यॉर्कर (फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू) आणि अँडरसनचा स्विंग (चेंडूचं हवेत वळणं) एकाच गोलंदाजात हवा, असं कुणी सुचवतं. अडचण हाताच्या कोनाची आहे. मलिंगाचा हात जवळजवळ आडवा, चेंडू पंचांच्या छातीच्या उंचीवरून सुटतो, म्हणून घसरत यष्ट्यांच्या बुंध्यात शिरतो. मॅकग्राची उसळी ६ फूट ५ इंच उंची आणि उभ्या हाताची. दोन्ही एकत्र अशक्य! शिवाय आउटस्विंगला, म्हणजे फलंदाजापासून बाहेर वळणाऱ्या चेंडूला, मनगट चेंडूच्या थेट मागे लागतं. हात आडवा झाला की शिवण सरळ राहणं कठीण.

माझा साचा मॅकग्राचाच, यॉर्कर मात्र वसीम अक्रमचा: हात उंच, झपाट्याने फिरणारा, आणि जुना चेंडू चकाकत्या बाजूकडे वळवणारा रिव्हर्स स्विंग. बुमराहचं मागे वाकणारं कोपर सरावाने येत नाही, ते वगळा.