सोसायटी गणेशोत्सव ग्रुप: चित्रकला स्पर्धेचा प्रायोजक

मेधा देशमुख, बी-४०२: नमस्कार. स्पर्धेचं पोस्टर पाहिलं. कंपनीचा लोगो वर, बाप्पा खाली! आणि बालवाडीतल्या मुलांना बक्षीस त्याच कंपनीच्या चॉकलेट पावडरचा डबा? हे कोणी ठरवलं?

सावंत (सचिव): मॅडम, मीटिंगला आला असतात तर कळलं असतं. कंपनी २५,००० देते आहे. तेवढे पैसे कोण देणार?

पाटील काका, ए-१०१: आम्ही लहानपणी हेच प्यायलो. काय झालं?

राहुल, सी-३०३: काका, तुम्ही शाळेत चालत जायचात. आता लिफ्ट बंद पडली की भजन रद्द 😂

पाटील काका: आधी माझ्या पार्किंगमधली बाईक काढ. मग बोल.

मेधा देशमुख: बाईकचं नंतर बघा हो. २०२३ मध्ये साखरेवरून ओरड झाल्यावर बोर्नव्हिटाने वरून घातलेली साखर १०० ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आणली. म्हणजे अजूनही जवळपास तिसरा हिस्सा. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका. कायद्यात तशी व्याख्याच नाही. आपल्या पोस्टरवर मात्र ‘आरोग्यदायी भागीदार’!

सावंत: माहितीबद्दल धन्यवाद. पैसे कोण देणार?

डॉ. आपटे वहिनी, ए-५०१: दवाखान्यात दहावीतली मुलं फॅटी लिव्हर घेऊन येतात. आईबाप म्हणतात, बाहेरचं काही देत नाही, फक्त दुधातली पावडर, बिस्किटं, पॅकचा ज्यूस. जाहिरातीने हे सगळं ‘घरचं’ करून टाकलंय. लहान मुलाला जाहिरात आणि खरं यातला फरक कळत नाही, म्हणून तर कार्टून लागतं. चिलीत २०१६ पासून जास्त साखरेच्या पाकिटावर पुढेच काळा अष्टकोन असतो आणि कार्टूनला बंदी.

पाटील काका: चिलीत गणपती बसतो का?

डॉ. आपटे वहिनी: काका, आपलाच नियम सांगते. २०२० च्या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाच्या खाण्याची जाहिरात चालत नाही. तिथे चालत नाही ते आपण मंडपात टेबल मांडून वाटायचं?

जोशी काकू, बी-१०४: मोदकातपण गूळ असतोच की.

मेधा देशमुख: काकू, मोदक वर्षातून एकदा. डबा रोज दोनदा.

सावंत: पैसे कोण देणार, एवढंच विचारतोय.

राहुल: ८४ फ्लॅट. घरटी ३०० दिले की २५,२०० होतात. माझे आत्ता पाठवले.

पाटील काका: माझेही लिहा. बाईक काढली का?

सावंत: जमले तर कंपनीला नाही म्हणतो. रविवारपर्यंत. पोस्टर तोवर राहील.

मेधा देशमुख: पोस्टर आज उतरवा, सावंतसाहेब. मुलं लिफ्टपाशी उभी राहून वाचतायत.