देवगडची पेटी आणि गेटवरची करवंदं

सी २०२ : नमस्कार. ग्रुपवरून घेतलेल्या पेटीतले चार आंबे आज कापले, वरून पिवळेधमक आणि आत सगळे आंबट. नातवासाठी घेतलेले. हे कार्बाईडचंच काम आहे, कुणी मागवलं ते बोला की आता

बी ३०१ : वहिनी मीच मागवलंय, तुम्हाला माहिताय. आमचे चांगले निघाले. तुमच्यात साका असेल, हापूसमध्ये असतोच, बाहेरून कळत नाही, त्याला आंबेवाला काय करणार

सी २०२ : साका मला कळतो हो, आमच्या माहेरी झाडं होती. साक्याचा तेवढा भाग पांढरा पडतोय, इथं चारी आंबे सालीपासून कोयीपर्यंत आंबट आणि देठाला वास म्हणून नाही

ए १०४ काका : पेटी मागवू नका. शनिवारी बाजारात जावा, देठाचा वास घ्या, मग घ्या. दरवर्षी सांगालोय

डी ४०३ : कार्बाईडनं फळ पिकवायला २०११ च्या नियमात बंदी आहे. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतं, शिवाय त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो. पण इथिलीन गॅस चालतो, १०० पीपीएमपर्यंत. म्हणजे चेंबरमध्ये पिकवलेला सगळाच आंबा वाईट नसतो

बी ३०१ : थँक्यू. आता तरी आरोप बंद करा

सी २०२ : आरोप नाही, विचारालोय. पेटीवर देवगड छापलंय आणि बिलावर गावाचं नाव नाही

ई १०१ : हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्यांनाच. आपल्याकडं धारवाडचा हापूस येतोय तो काय वाईट असतो? धारवाडचा म्हणूनच विका की, देवगडचा शिक्का कशाला. आणि पायरी तर कुणाला आठवतच नाही, रसाला तीच लागते

ए १०४ काका : पेटी मागवू नका. शनिवारी बाजारात जावा. अढीत घालायला कच्चाच घ्या

ए ३०२ : पेटीचं चाललंयच तर माझं पण ऐका. जांबोटीकडनं करवंदं घेऊन येणाऱ्या मावशीला काल वॉचमननं गेटवरनंच लावून दिलं. बिचारी पहाटेच्या बसनं पाटी घेऊन येते. पेटीचा टेम्पो मात्र आत, तो पण माझ्या पार्किंगमध्ये

बी ३०१ : टेम्पो पाच मिनिटं होता ताई

ए ३०२ : अर्धा तास. फोटो हाय माझ्याकडं

सेक्रेटरी : फेरीवाले आत नकोत हा मीटिंगचा ठराव आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत

ए ३०२ : तो भंगारवाल्यांसाठी होता साहेब, चोरी झाली तेव्हाचा. करवंदं विकणाऱ्या बाईला कशाला लावता? खानापूरच्या जंगलात काट्यात हात घालून काढतात, दोन दिवसांत मऊ पडतात, नाही खपली तर टाकूनच द्यायची

डी ४०३ : 😂 करवंद फोडा बघू, कोंबडा की कोंबडी

ई १०१ : लाल निघालं तर कोंबडा!! शाळेच्या वाटेवर पैज लागायची

सेक्रेटरी : कृपया विषयाला धरून बोला

सी २०२ : धरूनच आहे. वटपौर्णिमेला वाणात आंबा, फणस, जांभूळ, करवंद लागतंय, तेव्हा सगळ्या बायका मावशीलाच शोधत फिरणार

ए १०४ काका : शनिवारी बाजारात जावा

ए ३०२ : काका, तुमचे गुडघे चांगले आहेत. सी विंगच्या आज्जींनी कसं जायचं?

सेक्रेटरी : ठीक आहे. पाटी गेटच्या आत झाडाखाली, जिन्यावर नाही. तासभर

ए ३०२ : तासभर कशाला, पाटी संपेपर्यंत