‘विचारविनिमय’ म्हणजे ‘सहमती’ कशी? न्यायाधीशांनी घटना वाचावी की लिहावी?

धागाकर्ता: कलम 124 सांगतं की राष्ट्रपतींनी न्यायाधीशांशी विचारविनिमय करून सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुका कराव्यात. ‘विचारविनिमय’ऐवजी ‘सहमती’ घाला, अशी दुरुस्ती घटना समितीत आली होती. 24 मे 1949 रोजी डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला: सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं. दुरुस्ती फेटाळली गेली. 1993 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सरन्यायाधीशांचं मत निर्णायक ठरवलं आणि कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची पद्धत, आलं. समितीने जे नाकारलं तेच न्यायालयाने घटनेत वाचलं! याला अर्थ लावणं म्हणत नाहीत. शब्द अपुरा वाटत असेल तर कलम 368 आहे, संसदेने घटनादुरुस्ती करावी.

प्रतिसाद १: तुमची कसोटी कलम 21 ला, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला, लावून बघा. ‘ड्यू प्रोसेस’ (कार्यपद्धती न्याय्य आहे का हे न्यायालयाला तपासू देणारं तत्त्व) हे शब्द घटना समितीने जाणूनबुजून टाळले आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ घेतली. म्हणून 1950 मध्ये गोपालन खटल्यात बहुमताने ठरलं की कायदेमंडळाने केलेला कायदा आहे ना, मग कार्यपद्धती न्याय्य आहे का हे आम्ही तपासणार नाही. खटला न चालवता डांबलेल्या माणसाला हे उत्तर! 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘जनहितार्थ’ जप्त झाला, कारण द्यायलाही सरकारने नकार दिला. 1978 च्या निकालात न्यायालय म्हणालं, कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच हवी. हाही निकाल तुम्ही चूक म्हणणार का?

धागाकर्ता: नाही. तिथे कलम 14 (समानता), 19 (भाषण, संचार वगैरे स्वातंत्र्यं) आणि 21 एकत्र वाचली गेली. मनमानीला कलम 14 चीच आडकाठी आहे. म्हणजे आधार घटनेतल्या शब्दांचाच होता.

प्रतिसाद २: खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा 2017 चा निकालही जोडा. तो शब्द घटनेत कुठेही नाही, तरी नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमत झाले.

प्रतिसाद १: म्हणजे समितीने पुढच्या दाराने बाहेर ठेवलेली कल्पना कलम 14 च्या दाराने आत आली, ती तुम्हाला चालते. मग 1993 च्या पीठानेही न्यायपालिकेचं स्वातंत्र्य घटनेतूनच काढलं होतं. 21 ला मुभा आणि 124 ला नाही, हे कोणत्या शब्दावरून ठरवलंत?

धागाकर्ता: प्रश्न रास्त आहे, नुसत्या शब्दावरून ते ठरत नाही, हे मान्य. पण 1978 मध्ये न्यायालयाने सरकारचा हात रोखला, 1993 मध्ये स्वतःच्या हाती अधिकार घेतला. जिथे निवाडा करणाराच लाभार्थी आहे, तिथे तरी घटनेतल्या शब्दाच्या पुढे त्याने जाऊ नये. यावर मी ठाम आहे.