शब्दचर्चा: ‘ब्लोत’ला मराठीत काय म्हणावं? बळी, जत्रा, राखण की आणखी काही?

अनुवादिनी

आजच्या पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणाऱ्या, धर्मांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ओदिन, थोर, फ्रेय या जुन्या नॉर्स देवांना मानणारे लोक आइसलँड, स्कँडिनेव्हिया, अमेरिका इथे आहेत. त्यांचा मुख्य विधी म्हणजे ‘ब्लोत’. त्यांच्यातले काही थोडे गट ब्लोतमध्ये खरोखर जनावर कापतात. त्याआधी ते काय तयारी करतात आणि स्वतःला कोणते प्रश्न विचारतात, हा लेखाचा विषय आहे.

पहिला सुचतो तो ‘बळी’. तो मला दोन कारणांनी खुपतो. बहुतेक ब्लोतांमध्ये कोणी मारलं जातच नाही. आइसलँडमधला या देवांच्या उपासकांचा आसात्रू संघ १९७२ साली स्थापन झाला, १९७३ साली त्याला सरकारमान्यता मिळाली. हा संघ जनावर कापत नाही. शिंगातून पेय फिरवतात, देवांच्या आणि पूर्वजांच्या नावाने घोट घेतात, थोडं जमिनीवर ओततात, मग सगळे मिळून जेवतात. याला ‘बळी’ म्हटलं तर वाचकापुढे भलतंच चित्र उभं राहील.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘बळी’ म्हटलं की देणं आणि मारणं एकाच शब्दात बांधलं जातं. जनावर कापणाऱ्या गटांचा सगळा विचार मात्र ही दोन कामं वेगळी ठेवण्यावर उभा आहे. देणं सगळ्यांचं, मारणं एका माणसाचं, आणि त्या माणसाला ते काम यायलाच हवं. मराठीत हे कसं आणावं?

जुनी पोथी

आधी ‘बळी’विषयी. मुळात या शब्दात रक्त नव्हतं. संस्कृतात ‘बलि’ म्हणजे भाग, भेट, राजाला द्यायचा करसुद्धा. वैश्वदेवातलं बलिहरण म्हणजे भाताचे घास मांडणं, काकबळी म्हणजे कावळ्याचा घास. पुढे अर्थ सरकत गेला. आज ‘अपघातात चार बळी’ म्हणताना तर देवही उरलेला नाही, फक्त मरण उरलं आहे. लॅटिन ‘विक्तिमा’चा प्रवासही असाच झाला: आधी अर्पणाचं जनावर, मग कोणीही मारला गेलेला.

‘ब्लोत’चं मात्र उलट आहे. इंग्रजी ‘ब्लड’शी त्याचं नातं जोडायचा मोह अनेकांना होतो, पण ते नातं पक्कं नाही. चौथ्या शतकातल्या गॉथिक (एक जुनी जर्मानिक भाषा) बायबलमध्ये ‘ब्लोतान’ हे क्रियापद चक्क ख्रिस्ती देवाच्या उपासनेसाठी आलं आहे, लूकच्या शुभवर्तमानात, देवळात उपास आणि प्रार्थना करणाऱ्या वृद्ध हन्नाविषयी बोलताना. तेव्हा गाभा ‘पूजणे’ हा आहे. म्हणून मी ‘ब्लोत’ हाच शब्द ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पूजा आणि प्रसादभोजन’ असं समजावीन.

स्नोरी स्तुर्लुसोनने तेराव्या शतकात नॉर्वेच्या राजांचा इतिहास लिहिला, त्यात ह्लादिर इथल्या ब्लोतचं वर्णन आहे. स्नोरी ख्रिस्ती होता आणि घटनेनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी लिहीत होता, हे लक्षात ठेवूनच ते वाचावं. गुरं आणि घोडे कापत, रक्ताला ‘ह्लौत’ म्हणत, ते भांड्यात धरून डहाळ्यांच्या कुंच्याने वेदीवर, भिंतींवर आणि माणसांवर शिंपडत. मांस मधोमध पेटवलेल्या आगीवर कढयांत शिजवत. मग ओदिनच्या, न्योर्द आणि फ्रेयच्या, आणि शेवटी गेलेल्या आप्तांच्या नावाने पेले. ख्रिस्ती झालेल्या हाकोन राजाने ते घोड्याचं मांस खायला नकार दिला तेव्हा शेतकरी खवळले. तडजोड म्हणून त्याने कढईच्या कडीला फडकं गुंडाळलं आणि तिच्यावर तोंड उघडून धरलं. भांडण कापण्यावरून झालं नाही, पंगतीत बसण्यावरून झालं.

माणदेशी

मग आमचा शब्द का नको? आमच्याकडं ‘जत्रा’ म्हणजे फक्त गावची यात्रा नव्हे. ‘रविवारी आमची जत्रा आहे, या जेवायला’ म्हटलं की देवाला बकरं कापून भावकीला, पैपाव्हण्यांना जेवण, असा अर्थ. मराठवाड्यात ‘कंदुरी’, ती बहुधा दर्ग्यावरची. कंदुरी फारसीतून आला, मूळ अर्थ जेवणासाठी अंथरायचं दस्तरखान. म्हणजे नाव पंगतीवरून पडलंय, सुरीवरून नाही. तुमच्या ब्लोतशी हे फार जुळतंय.

आणि देणारा व मारणारा वेगळा हेही आमच्याकडं जुनंच. नवस घरमालकाचा, सुरी मुलाण्याची. बकरं हिंदूच्या देवाचं असलं तरी बऱ्याच गावांत कापायचा मान मुलाण्याचा, बलुत्यातला.

अनुवादिनी

‘जत्रा’ मला मनापासून आवडला. अडचण एवढीच की पुण्या-मुंबईच्या वाचकाला पाळणे आणि भेळ दिसेल. ‘कंदुरी’ पिराशी इतकी बांधलेली आहे की ओदिनपाशी नेली तर दोन्हीकडचा अर्थ हरवतो. ‘कुर्बानी’ही त्याच कारणाने नको, ती बकरी ईदचीच राहू दे. ‘यज्ञ’, ‘आहुती’ इथे लागू नाहीत. ब्लोतचा भाग अग्नीतून देवाकडे जात नाही, मांस शिजवून माणसं खातात.

मुलाण्याचा मुद्दा मात्र लेखाशी थेट भिडतो. या गटांच्या पुरोहिताला ‘गोदी’ म्हणतात. तो मंत्र म्हणतो, म्हणून कापायचं कामही त्याचंच, असं काही नवशिक्यांना वाटतं. अनुभवी लोक ठाम नाही म्हणतात. ज्याने शेतावर, खाटकाकडे हे काम शिकून पुष्कळदा केलं आहे त्यानेच सुरी धरावी. देवाच्या दारात शिकाऊ हात चालवणं हा त्यांच्या लेखी देवाचाही अपमान आणि जनावरावरही अन्याय.

व्हय म्हाराजा

तळकोकणात ‘राखण देणे’ आहे. वाडीच्या, शेताच्या राखणदाराला कोंबडा. आधी गाऱ्हाणं: बा देवा म्हाराजा, अमुक घराण्याच्या लेकरांनी तुझी सालाबादची राखण दिलेली आसा, ती मान्य करून घे, चुकलामाकला सांभाळ, आणि सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’. कशासाठी, कोणाकडून, कोणाला, हे सगळं मोठ्याने सांगितल्याशिवाय कोंबड्याला हात लावत नाहीत. तुमचे नॉर्स लोक कापायच्या आधी जे बोलतात त्याला ‘प्रार्थना’पेक्षा ‘गाऱ्हाणं’ जास्त शोभेल.

श्रौतप्रेमी

‘मारणे’साठी वेदांकडे अत्यंत सूक्ष्म शब्द आहे आणि तो विसरला गेला याची खंत वाटते. पशुयागात जनावराला मारण्याच्या क्रियेला ‘संज्ञपन’ म्हणतात. धातू ‘ज्ञा’, प्रयोजक रूप. म्हणजे ‘संमत करवणे’. ते करणारा ‘शमिता’, शांत करणारा. शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ स्पष्ट सांगतो की ‘मार’, ‘ठार कर’ असं म्हणू नये, ती माणसांची रीत. ‘संज्ञपय’ म्हणावं, ती देवांची रीत. जनावराने आवाज करू नये म्हणून तोंड दाबून श्वास कोंडत. ऋग्वेदात अश्वाला सांगितलं आहे की तू मरत नाहीस, सोप्या वाटांनी देवांकडे जातोस. ग्रीकांकडेही जनावराच्या डोक्यावर पाणी शिंपडत आणि त्याने मान हलवली की संमती मिळाली असं मानत, असा एक प्रसिद्ध अर्थ लावला जातो, अलीकडच्या काही अभ्यासकांना तो पटत नसला तरी. नेपाळात आजही पाणी शिंपडल्यावर बोकडाने अंग झाडण्याची वाट पाहतात. संमतीची ही चिंता या लेखात असेल तर ‘संज्ञपन’ वापराच.

अनुवादिनी

शब्द अद्भुत आहे, आणि तरी मी तो वापरणार नाही. त्याच ग्रंथात तिथेच आहे की संज्ञपन चालू असताना ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, तिकडे पाठ करून आहवनीय अग्नीकडे तोंड करून बसतात, साक्षी होऊ नये म्हणून. शब्दानेही तेच केलं, पाठ फिरवली. आजचे पेगन नेमकं याच्या उलट सांगतात: जो पंगतीत जेवणार त्याने पाहावं, ज्याला पाहवत नाही त्याने आधी सांगून दूर थांबावं, त्यात कमीपणा नाही. आणि पाणी पडलं की बकरं अंग झाडणारच, ती कातडीची सवय आहे. तिला होकार म्हणणं आपल्या सोयीचं आहे. जनावराची संमती मिळत नाही हे मान्य करूनच पुढचा विचार सुरू होतो. म्हणून क्रियापद ‘कापणे’. घरात, बाजारात, शेतावर आपण तेच म्हणतो.

गुरांचा डॉक्टर

शब्दांची ही स्पष्टता तयारीच्या भागात फार लागेल, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

‘शांत ठेवणे’ म्हणजे काय ते फोडून लिहा. शेळी-मेंढी एकटी पडली की बावरते, म्हणून शेवटपर्यंत सोबतीचं जनावर जवळ हवं. आदल्या दिवसापासून चारा बंद, पाणी मात्र चालू. ढोल, धूर, गर्दी ही माणसांची हौस. ती जनावर गेल्यानंतर करा. हार घालायचाच असेल तर आठवडाभर आधीपासून अंगाला हात लावायची, गळ्यात दोरी-माळ घालायची सवय करा. घाबरलेल्या जनावराचं मांसही बिघडतं: स्नायूंतली साखर आधीच खर्ची पडते आणि मांस गडद, चिकट होतं. शिवाय औषधं दिली असतील तर किती दिवस ते मांस खाऊ नये ते तपासायलाच हवं, कारण पुढे जेवण आहे.

कापण्याविषयी. सुरी लांब, बिनदात्यांची, केस उतरेल इतकी धारदार. मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एका ओढीत तुटल्या तर मेंढी काही सेकंदांत शुद्ध हरपते. गाईबैलांचं तसं नाही. त्यांच्या मेंदूला मणक्यांमधून जाणाऱ्या धमन्यांनीही रक्त पोचतं, म्हणून शुद्ध जायला बराच जास्त वेळ लागू शकतो. ‘एका घावात’ हे काव्य मोठ्या जनावराच्या बाबतीत लिहू नका. मेल्याची खूण म्हणजे पाय थांबणं नव्हे, पाय नंतरही झाडले जातात. डोळ्याच्या बुबुळाला बोट लावलं आणि पापणी हलली नाही, श्वास नाही, मगच पुढचं काम.

आणि ‘आधी बेशुद्ध करणे’ हे वेगळं लिहा. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलँड इथे कापण्यापूर्वी बेशुद्ध करणं कायद्याने सक्तीचं आहे, धर्माच्या नावाने सूट नाही. त्यासाठी कपाळावर टेकवून दट्ट्या मारणारं पिस्तूल वापरतात. अमेरिकेत १९९३ साली हायलिया शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, फक्त धार्मिक विधीतलं कापणं गुन्हा ठरवणारे शहराचे नियम रद्द केले. तो खटला क्यूबातून आलेल्या सांतेरिया पंथाचा होता, पेगनांचा नव्हे, पण पेगनही त्याचा आधार घेतात. क्रूरतेविरुद्धचे कायदे तिथेही लागू राहतातच.

जुनी पोथी

एक भर. ज्यांना कापायचं नाही त्यांच्यासाठी शब्द तयार आहे: ‘पिष्टपशू’. मध्वाचार्यांच्या माध्व परंपरेत यज्ञात पिठाचा पशू करतात. स्वीडनमध्ये नाताळात डुकराच्या आकाराचा पाव करायची चाल होती. जुन्या नॉर्स कथांत युल या हिवाळी सणाच्या रात्री रानडुकरावर हात ठेवून शपथा घेत. आजचे काही पेगन पावाच्या डुकरावर हात ठेवून तेच करतात.

अनुवादिनी

‘पिष्टपशू’ घेतला. ‘गाऱ्हाणं’ही घेतलं, कोकणाबाहेरच्या वाचकाला संदर्भाने कळेल. ‘ब्लोत’ तसाच ठेवते, अर्पणाला ‘देणे’, मारण्याला ‘कापणे’, पंगतीला ‘पंगत’. ‘बळी’ मी फक्त एका जागी ठेवला आहे, जिथे लेखक विरोधकांचं म्हणणं मांडतो. तिथे तो त्यांच्याच तोंडी आहे.

तयारीतलं एक वाक्य असं केलं आहे: ‘सकाळी कापणाऱ्याने जनावर पाहावं. ते लंगडत असेल, आजारी असेल, बिथरलं असेल, किंवा स्वतःचा हात आज स्थिर नसेल, तर कापू नये. देवाला तसं सांगावं आणि मीड (मधाची दारू) ओतावी.’ फक्त ‘गोदी’ अडलाय. ‘पुरोहित’ फार ब्राह्मणी होतं, आणि जुन्या आइसलँडमध्ये गोदी हा मुलखाचा पुढारीही असे.

व्हय म्हाराजा

‘मानकरी’ लिवा. आमच्याकडे देवळात पहिलो मान तेचोच, गावच्या सभेतय तोच पुढे, आणि गाऱ्हाणा घालूक येत नसला तर गावकार दुसऱ्याक उभो करता.